खटल्यावाचून कैदी सांभाळण्याची कला

तुमच्या हाती एखादे बऱ्यापैकी मोठे राष्ट्र असेल, त्यावर नुकताच भीषण हल्ला झालेला असेल आणि 'काहीतरी करा' म्हणून लोक दारात उभे असतील, तर सगळ्यात आधी जागा बघा. पुरावा, वकील, आरोपपत्र या गोष्टी मागाहून जमतात. नाही जमल्या तरी अडत नाही, हे पुढे येईलच. पण जागा चुकली की सगळेच मुसळ केरात.

स्वतःच्या देशात जागा नको, कारण तिथे न्यायालये असतात आणि ती उगाच कागद मागतात. परक्या देशात नको, कारण तिथे त्यांची न्यायालये असतात. मग राहिले काय? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेला सापडले ते ग्वांतानामो. क्युबाचा हा उपसागर १९०३ पासून अमेरिकी नौदलाकडे भाडेपट्ट्याने आहे. भाडे वर्षाला ४,०८५ डॉलर. फिडेल कॅस्ट्रो यांनी पुढे हे चेक वटवणे सोडून दिले आणि टेबलाच्या खणात कोंबून ठेवले, पण भाडेकरू हलला नाही. पागडीच्या खोल्यांतून ज्यांचे आयुष्य गेले त्यांना यात नवल वाटणार नाही. पट्ट्यातली गंमत अशी की अंतिम सार्वभौमत्व क्युबाचे आणि संपूर्ण ताबा अमेरिकेचा. म्हणजे क्युबाचा कायदा तिथे पोचत नाही, आणि अमेरिकेचा पोचतो का असे विचारले की सरकारी वकिलांनी म्हणायचे, 'छे हो, ती तर परकी भूमी!' त्याच परक्या भूमीवर इग्वाना नावाचा घोरपडीसारखा प्राणी फिरतो. त्याला मारलेत तर अमेरिकी कायद्याने १०,००० डॉलरपर्यंत दंड. कैद्यांच्या वकिलांनी ही विसंगती जगाच्या नजरेस आणून दिली. कैद्यांना हेबियस कॉर्पसचा, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाला तपासायला लावण्याचा, घटनात्मक हक्क आहे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते जून २००८ मध्ये. पहिले वीस कैदी उतरले होते ११ जानेवारी २००२ ला. चांगल्या जागेवर सहा-साडेसहा वर्षे अशी आरामात निघतात.

जागा झाली, आता माणसे. तपास करून माणसे गोळा करायला वेळ लागतो, म्हणून ती विकत घ्या. अफगाणिस्तानात विमानांतून पत्रके टाकली गेली: माणूस आणून द्या, सगळे कुटुंब आणि गाव जन्मभर पोसाल एवढे पैसे घेऊन जा. आता शेजाऱ्याशी बांधाचा वाद कुठे नसतो? सेटन हॉल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने २००६ मध्ये सरकारचेच कागद वाचून हिशेब मांडला, तेव्हा अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले कैदी निघाले जेमतेम ५ टक्के. ८६ टक्के पाकिस्तानने नाहीतर नॉर्दर्न अलायन्स या तालिबानविरोधी अफगाण आघाडीने आणून दिलेले, तेही बक्षिसांच्या हंगामात.

आणून दिलेला माणूस दहशतवादीच कशावरून, असा प्रश्न कुणी विचारलाच तर त्याचे मनगट बघा. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे काळे प्लास्टिकचे डिजिटल घड्याळ तुम्ही नक्की पाहिले असेल. स्वस्त, पाण्याला न भिणारे, दर तासाला पिक् करणारे. आखातातून येणाऱ्या किती मामा-काकांनी भाच्या-पुतण्यांना असली घड्याळे आणली असतील. हे घड्याळ बॉम्बच्या टायमरसाठी वापरतात आणि अल-कायदाच्या प्रशिक्षणात वाटले जाते, म्हणून ग्वांतानामोच्या कागदपत्रांत ते कैद्याविरुद्धचा मुद्दा म्हणून नोंदवलेले आहे. जगभर लाखोंनी खपणाऱ्या वस्तूला पुरावा ठरवण्याचा फायदा असा की संशयितांचा कधी तुटवडा पडत नाही.

यांना युद्धकैदी मात्र म्हणू नका. युद्धकैद्याला माणुसकीने वागवायला लावणारा जिनिव्हा करार लागू होतो, आणि गुन्हेगार म्हणावे तर वकील द्यावा लागतो. 'शत्रू लढवय्या' म्हणा, म्हणजे दोन्हींतून सुटका. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ७ फेब्रुवारी २००२ च्या आदेशात या कैद्यांना कराराखाली युद्धकैद्याचा दर्जा नसल्याचे सांगितले, आणि तरीही लष्करी गरजेत बसेल तितपत त्याच्या तत्त्वांना धरून वागू असेही सांगितले. 'बसेल तितपत' हे शब्द जपून ठेवा, पदोपदी लागतील.

आता चौकशी. नवखे लोक इथे थेट हात उगारतात आणि फसतात. आधी वकील बोलवा. १ ऑगस्ट २००२ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने लेखी मत दिले: अवयव निकामी होताना, शरीराची एखादी क्रिया बंद पडताना किंवा मरताना होतात त्या तीव्रतेच्या वेदना झाल्या, तरच शारीरिक छळ म्हणायचे. त्याच्या अलीकडचे सगळे कायदेशीर. ज्यांनी सही केली ते जे बायबी पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ज्यांनी मसुदा केला ते जॉन यू बर्कलीला पुन्हा कायदा शिकवू लागले. तेव्हा पोरांनो, नोट्स नीट काढा.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या मतात अबू झुबैदा नावाच्या कैद्यासाठी काय काय चालेल याची यादी आहे. त्याला किड्यांची भीती वाटते म्हणून पेटीत त्याच्यासोबत किडा सोडायला परवानगी दिली. नांगी मारणारा किडा आहे असे भासवायचे, पण ठेवायचा निरुपद्रवी, सुरवंट वगैरे. जगातल्या सर्वात बलाढ्य देशाचे कायदेपंडित बसून सुरवंटाची वैधता तपासत आहेत, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. सुरवंट शेवटी वापरलाच नाही. पेट्या मात्र वापरल्या. लहान पेटी २१ इंच रुंद, अडीच फूट खोल, अडीच फूट उंच. घरात टेप असेल तर जमिनीवर खडूने आखून बघा आणि त्यात बसा. अमेरिकी सिनेटच्या समितीच्या अहवालाप्रमाणे हा माणूस तिच्यात एकूण २९ तास होता आणि शवपेटीएवढ्या मोठ्या पेटीत २६६ तास. तोंडावर फडके टाकून वरून पाणी ओतण्याचा प्रकार त्या एका ऑगस्टमध्ये ८३ वेळा झाला. अल-कायदाचा बडा म्होरक्या म्हणून त्याला पकडले होते. पुढे तो त्या संघटनेचा सदस्य होता हा दावा सरकारनेच कोर्टात सोडून दिला. त्याच्यावर आजतागायत एकही आरोप ठेवलेला नाही. म्हणून त्याला सोडला असे मात्र समजू नका.

वरिष्ठांचे मार्गदर्शनही घेत जा. कैद्याला सलग चार तासांपर्यंत उभे ठेवण्याची शिफारस डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्याकडे आली, तेव्हा डिसेंबर २००२ मध्ये सही करताना त्यांनी हाताने खाली लिहिले: मी दिवसाला ८-१० तास उभा असतो, मग मर्यादा चारच तासांची का? संरक्षणमंत्री उभ्याने काम करायच्या टेबलापाशी उभे राहत, हे खरे. दमले की बसतही असावेत.

आणि तज्ज्ञ नेमताना अनुभवाचा बाऊ करू नका. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने ज्या दोन मानसशास्त्रज्ञांकडून हा कार्यक्रम उभा करून घेतला, त्यांनी आयुष्यात एकही खरी चौकशी केलेली नव्हती. त्यांच्या कंपनीला मिळाले ८.१ कोटी डॉलर. तिकडे ग्वांतानामोत चौकशी अधिकाऱ्यांना २००२ मध्ये एक तक्ता शिकवला गेला: एकांत, झोपमोड, दमवणे, दहशत, असा. तो अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या १९५७ च्या एका अभ्यासातून जसाच्या तसा उतरवलेला होता. तो अभ्यास कशाचा, तर कोरियाच्या युद्धात चिनी कम्युनिस्टांनी अमेरिकी वैमानिकांकडून खोटे कबुलीजबाब कसे काढले याचा. मथळा तेवढा गाळला होता.

यावरून पद्धत कुचकामी आहे असा निष्कर्ष काढायची घाई नको. तुम्हाला काय हवे आहे त्यावर ते अवलंबून आहे. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला इजिप्तच्या हवाली केले, तेव्हा त्याने मारापुढे सांगून टाकले की इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचे प्रशिक्षण देतो. हवे ते उत्तर मिळाले. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ते संयुक्त राष्ट्रांत वाचून दाखवले, मार्चमध्ये युद्ध सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी कैदी म्हणाला, मार थांबावा म्हणून बोललो होतो. तोवर बगदाद पडून वर्ष होत आले होते. एका खोट्या जबाबाकडून याहून जास्त काय अपेक्षा ठेवायची?

चौकशीचे चित्रीकरण केले असेल तर ते जाळा. सीआयएने नोव्हेंबर २००५ मध्ये ९२ टेप नष्ट केल्या.

एवढे सगळे केल्यावर कुणीतरी खवचटपणे विचारेल, खटला कधी? इथे सांभाळा. खालिद शेख मोहम्मद, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार, १ मार्च २००३ ला रावळपिंडीत सापडला. त्याच महिन्यात त्याच्यावर १८३ वेळा पाणी ओतून झाले. नंतर छळात हात नसलेल्या 'स्वच्छ' अधिकाऱ्यांकडून नव्याने जबाब घेतले. आधीच्या डागाने नंतरचा जबाब नासतो की नाही, यावर वकील वर्षानुवर्षे भांडत आहेत. त्याच्या एका सहआरोपीचा असा जबाब तर लष्करी न्यायाधीशाने एप्रिल २०२५ मध्ये बादच केला. २०२४ च्या जुलैत आरोपींशी तडजोड झाली होती: गुन्हा कबूल करा, जन्मठेप घ्या, फाशी टळेल. दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी ती फिरवली. हल्ल्यात २,९७७ माणसे गेली. त्यांचे नातेवाईक चिठ्ठीत नाव निघाले की विमानाने ग्वांतानामोला जातात आणि काचेमागे बसतात. आतला आवाज त्यांना ४० सेकंद उशिरा ऐकू येतो, मधे काही गुपित निघाले तर बंद करता यावा म्हणून. जानेवारी २०१३ मध्ये तो अचानक बंद झाला आणि न्यायाधीशच चमकले, कारण बटण त्यांनी दाबलेच नव्हते. कोर्टाचा आवाज बंद करण्याची सोय बाहेर आणखी कुणाकडे तरी आहे, हे कोर्टाला तेव्हा कळले!

या बाबतीत मुंबईचा कित्ता मुळीच गिरवू नका. तिथे अजमल कसाब जिवंत सापडला, हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो जगाने पाहिलेला. मग करायचे काय, तर आर्थर रोड तुरुंगात कोर्ट बसवले, त्याला सरकारी खर्चाने वकील दिला, साक्षीपुरावे नोंदवले, उच्च न्यायालय झाले, सर्वोच्च न्यायालयातही त्याची बाजू मांडायला ज्येष्ठ वकील नेमले. त्याच्यासोबतच्या दोघा भारतीय आरोपींना तर पुरावा अपुरा म्हणून चक्क सोडले. लोक चिडले, बिर्याणीच्या गोष्टी झाल्या. (ती बिर्याणी आपणच रचली होती, असे खुद्द सरकारी वकिलांनी पुढे सांगितले.) २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. चार वर्षांत विषय संपला! फाशी असावी की नसावी हा वाद वेगळा, पण कुठे आयुष्यभर पुरणारा ग्वांतानामोचा कारखाना आणि कुठे हा चार वर्षांचा तुटपुंजा उद्योग.

अर्थात भारताने अगदीच निराशा केली असे नाही. बेट नसले म्हणून काय झाले, कलमे आहेत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा मानणारा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा होता, तो मोडीत निघाला तर पोटा आला, तोही गेला तर यूएपीए कडक केला. त्यात आरोपपत्रालाच १८० दिवस मिळू शकतात, आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. खटला चालवायचा नाही असे कुठेही लिहिलेले नाही. तो फक्त चालत नाही. यूएपीएखाली पकडलेल्या, पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामी या पाद्रींनी तळोजा तुरुंगात पाणी प्यायला सिपर, म्हणजे नळीचा पेला, मागितला, तर तपास यंत्रणेने उत्तरासाठी २० दिवस मागून घेतले. खटला उभा राहण्याआधीच ते जुलै २०२१ मध्ये गेले.

महाराष्ट्राचा अनुभव तर होतकरूंनी मुद्दाम अभ्यासावा. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत आधी मुस्लिम तरुण पकडले, २०१६ मध्ये ते आरोपमुक्त. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटात साध्वी आणि लष्करी अधिकारी पकडले, २०२५ च्या जुलैत सातही निर्दोष. त्याच महिन्यात ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने १९ वर्षांनी निर्दोष सोडले, कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले आणि एकमेकांवरून उतरवल्यासारखे दिसतात म्हणून. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, सुटलेले बाहेर आहेत. डब्यात बॉम्ब ठेवले कुणी, हे त्या संध्याकाळी घरी न पोचलेल्यांच्या बायकापोरांनी विचारू नये. धर्म कोणताही असो, पक्ष कोणताही असो, पद्धत सर्वांना सारखेच फळ देते. एवढा सर्वधर्मसमभाव दुसरीकडे कुठे सापडायचा नाही.

राहता राहिला प्रश्न चुकून पकडलेल्यांचा. सीआयएने डांबलेल्या ११९ जणांपैकी निदान २६ जणांना धरायलाच नको होते, असे सिनेट समिती म्हणते. अशांची माफी मागायची वेळ आली तर शेजाऱ्याला मागू द्या. कॅनडाच्या माहेर अरार यांना अमेरिकेने सीरियात पाठवले, तिथे त्यांचा छळ झाला. २००७ मध्ये माफी आणि १.०५ कोटी कॅनेडियन डॉलर दिले कॅनडाने. जर्मनीचे खालिद अल-मसरी ३१ डिसेंबर २००३ ला बसने मॅसेडोनियाच्या सीमेवर पोचले. त्यांच्यासारख्याच नावाचा कुणी संशयित होता. हॉटेलात २३ दिवस कोंडले, मग अफगाणिस्तानात नेले. माणूस चुकलाय हे कळल्यानंतरही काही काळ ठेवून घेतले, आणि मे महिन्यात अल्बानियातल्या एका निर्जन रस्त्यावर सोडून दिले. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ६०,००० युरो भरपाई लावली, ती मॅसेडोनियाला. सीआयएच्या संचालकांचे मत पडले की अनिश्चिततेच्या या धंद्यात चुका व्हायच्याच, तेव्हा मसरींना डांबायला लावणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई नको.

हे सगळे वाचून तुम्ही धंद्यात उतरणार असाल तर शुभेच्छा. नसाल, आणि तुमचे नाव जरा चारचौघांसारखे असेल, तर सीमेवरून बसने जाताना घड्याळ काढून ठेवा.