आकडा, उत्सव आणि दुष्काळाची पन्नाशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मिळाली त्याच दिवशी वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्या एका प्रश्नासाठी मला आत्याकडे जाऊन यायचं होतं. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थोरांच्या आणि मोठ्या घटनांच्या शताब्द्या, अमृतमहोत्सव साजरे व्हायलाच हवेत, असा माझा लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंत की पन्नास, शंभर, साडेतीनशे हे नुसते आकडे आहेत, खरी आठवण रोजची असते. सत्तेवर जो असेल तो आपल्या सोयीची शताब्दी काढतो आणि मागे फ्लेक्सच्या काठ्या उरतात. शिवरायांच्या राज्याभिषेकाचं वर्ष मी चुकीचं दिलं, हेही तुम्ही दाखवलंत. आणि शेवटी विचारलंत, "१९७२ च्या दुष्काळाची पन्नाशी कोणी केली? माझे वडील तेव्हा दुष्काळी कामावर मुकादम होते. त्यांना कोणी विचारायला आलं नाही."

आधी चुकीचं बघू. 'राज्याभिषेकाला ६ जून २०२३ रोजी ३५० वर्षं पूर्ण झाली' असं मी लिहिलं होतं. १६७४ मध्ये ३५० मिळवले की २०२४ येतात. तुमचं बरोबर आहे, वाक्य दुरुस्त केलं आहे. पण म्हणून २०२३ चा सोहळा चुकीच्या वर्षी झाला, हे तुमचं पुढचं विधान मला मान्य नाही. राज्याभिषेकापासून महाराजांनी नवा शक सुरू केला. त्यानंतरच्या पत्रांच्या माथ्यावर 'राज्याभिषेक शके १, आनंदनाम संवत्सरे' असा उल्लेख येतो. म्हणजे तो दिवस हाच पहिल्या वर्षाचा पहिला दिवस. त्या मोजणीनं ३५० वं वर्ष २०२३ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला लागलं आणि २०२४ च्या त्रयोदशीला भरलं. पोराला पाचवं लागलं असं आपण म्हणतो तेव्हा त्याची चारच पूर्ण झालेली असतात, तसंच हे. लागलं तेव्हा सोहळा करणारे चुकले नाहीत. 'पूर्ण झाली' लिहिणारी मी चुकले.

तारखेचं तर आणखी वेगळं आहे. रायगडावर त्या दिवशी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील हजर होता. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, ते त्यांनी १७५२ मध्ये सोडलं. ६ जून ही तारीख त्या जुन्या कॅलेंडरातली आहे. आज आपल्या भिंतीवर जे कॅलेंडर लटकतं त्याप्रमाणे तो दिवस १६ जून येतो. म्हणून तिथी पाळणाऱ्यांना मी हट्टी म्हणणार नाही आणि ६ जूनला गड चढणाऱ्यांनाही नाही.

आता 'नुसते आकडे' या मुद्द्याकडे वळते. ज्यांची आठवण आपण काढतो आहोत, त्यांनी स्वतः वर्षं मोजायला नव्यानं सुरुवात केली होती. राज्य नवं आहे हे सांगायला त्यांना मोजणीही नवी हवी होती. आकडा त्यांना किरकोळ वाटला नव्हता.

सत्तेच्या सोयीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते खरंच आहे, आणि ते आजचं नाही. १८९७ चा जून महिना आठवा. पुण्यात प्लेग येऊन गेलेला. प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात शिरून माणसं तपासत, सामान बाहेर काढत, देवघरापर्यंत जात. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून साम्राज्यभर हीरक महोत्सव होता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, मेजवानी झाली. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. एवढं आपण सगळे शाळेत शिकलो आहोत.

पण त्याच्या दहा दिवस आधी, १२ जूनला, पुण्यात दुसरा एक उत्सव झाला होता, तो शिवराज्याभिषेकाचा. टिळक त्यात बोलले. १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तांत आला आणि त्याच मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १८ महिन्यांची सजा झाली. एका गावात, दहा दिवसांच्या अंतरानं, दोन वर्षमोजण्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीकडे राणीची ६० वर्षं, दुसरीकडे २२३ वर्षांपूर्वीचा राज्याभिषेक. २२३ हा काही गोल आकडा नव्हे. लोकांना गरज वाटली तेव्हा त्यांनी आकडा गोल होण्याची वाट पाहिली नाही. सत्ता आपला महोत्सव करणारच. आपण आपली मोजणी सोडून दिली की मग फक्त तिचाच उरतो, आणि म्हणूनच 'हे सगळं राजकारण आहे' म्हणून बाजूला होणं मला पटत नाही.

फ्लेक्सच्या काठ्यांबद्दल. पुष्कळ शताब्द्या तशाच विरून जातात, मान्य. पण सगळ्या नाही. १९६१ च्या रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं देशभर नाट्यगृहं उभी राहिली, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर त्यातलंच. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ती ३७ विद्यापीठांत होती. कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात बंधारा घातला नाही असा माणूस आपल्या पिढीत शोधावा लागेल. १८५७ ची शताब्दी तर मला सगळ्यात आवडते, कारण ती भांडणानं गाजली. मौलाना आझादांच्या सांगण्यावरून सुरेंद्रनाथ सेन यांनी १९५७ मध्ये सरकारसाठी इतिहास लिहिला. रमेशचंद्र मजुमदारांनी त्याच वर्षी आपला स्वतंत्र ग्रंथ काढला आणि या उठावाला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणायला ठाम नकार दिला. शंभरी आली नसती तर हे दोघे त्या एकाच वर्षी कागदपत्रं उपसत बसले नसते. मुदत डोक्यावर असली की माणसं कामाला लागतात. घरचं लग्न ठरल्याशिवाय भिंतीचं पोपडं कोणी काढत नाही.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो मी वाचला तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. लेखात मी अहिल्याबाईंची त्रिशताब्दी लिहिली, शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी लिहिली, माणगाव परिषदेची शंभरी ऐन जनता कर्फ्यूच्या दिवशी कशी सुनी गेली तेही लिहिलं. २०२२ मध्ये दुष्काळाला ५० वर्षं झाली हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या सख्ख्या आत्यानं त्या वर्षी खडी फोडली आहे.

परवा तिच्याकडे गेले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. मी वही काढलेली बघून आधी म्हणाली, "त्यात काय लिहायचं?" मग डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या शेजारचं बोट शेंड्याला किंचित चपटं आहे. आयुष्यभर मी ते बघत आले, कधी विचारलं नाही. दगड डाव्या हातानं धरायचा आणि उजव्या हातानं हातोडी मारायची. बोट ठेचू नये म्हणून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बोटांवर चढवायची. एक दिवस पट्टी तुटली, दुसरी मिळेपर्यंत थांबलं तर खडीचं माप भरलं नसतं, म्हणून ती तशीच फोडत राहिली. माप लाकडी चौकटीनं व्हायचं. चौकट भरली तरच मुकादम हजेरी मांडणार. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळायची ती पदराला बांधून घरी आणायची, धाकट्या दोघांसाठी. मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी थापताना चिरायची, आणि वास असा की पहिले आठ दिवस कोणाच्या घशाखाली उतरली नाही. "नवव्या दिवशी उतरली," म्हणाली. मग तिनं विषय बदलला.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हा आकडा मला आधीपासून ठाऊक होता. चपट्या बोटाची गोष्ट मला परवा कळली.

या कामांतूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि ते कायद्यानं. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेसाठी लावला गेला. पुढे देशानं २००५ मध्ये जो रोजगार हमीचा कायदा केला त्याची मुळं इथे आहेत. ही माझ्या मते गेल्या शतकातल्या महाराष्ट्राच्या सगळ्यात मोठ्या घटनांपैकी एक आहे, आणि तिला जयंती नाही, पुतळा नाही, मिरवणूक नाही. कारण तिला एक चेहरा नाही. तुमचा राग इथे असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे.

पण याच जागी मी माझं म्हणणं जास्त जोरानं मांडते. गोल आकड्यांना अर्थ असतो तो असा. पन्नाशीला साक्षीदार हयात असतात. जे तेव्हा पंधरा-वीस वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या घरात आहेत, बोलू शकतात, हात दाखवू शकतात. शंभरीला त्यातलं कोणी नसतं, मग फक्त कागद. महाडचंच बघा. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षं होतील. त्या दिवशी ओंजळ भरून पाणी प्यायलेलं आज कोणी सांगायला नाही. तिथे आता काम आहे ते दप्तराचं: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा बोले यांचा कायदेमंडळातला ठराव, तळं खुलं करणारा महाड नगरपालिकेचा ठराव, सत्याग्रहानंतर गुदरलेला दिवाणी दावा, आणि १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली. २० मार्चला तळ्याकाठी लाखाची गर्दी होईल, ती व्हावीच. त्या दहा वर्षांची कागदपत्रं एका खंडात, परवडेल अशा किमतीत आली तर मी त्या शताब्दीला यशस्वी म्हणेन. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ११ एप्रिलला, जोतीराव फुल्यांची द्विशताब्दी आहे, तिथेही माझी मागणी हीच.

आठवण रोजची असावी हे तुमचं वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण मी माझ्याच घरचं सांगितलं. आत्याचं बोट रोज समोर होतं, आठवण एकदाही निघाली नाही. ती निघाली तुम्ही 'पन्नाशी कोणी केली' असं विचारलंत तेव्हा, म्हणजे आकडा समोर ठेवलात तेव्हा.

२०२२ हातचं गेलं. मात्र २६ जानेवारी २०२९ ला रोजगार हमीचा कायदा अमलात आल्याला ५० वर्षं होतील. तोवर मी दुष्काळी कामावर राबलेल्या माणसांच्या आठवणी, त्यांच्याच शब्दांत, इथे लावायला सुरुवात करते आहे. पहिली आत्याची असेल. तिनं हो म्हटलंय, नाव मात्र नको म्हणाली. वाचकांपैकी कोणाच्या घरी खडी फोडलेली, पाझर तलावावर पाट्या वाहिलेली, सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली माणसं असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि ते बोलतील तसं उतरवून पाठवा. भाषा सुधारू नका.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. मजूर बोलतात, पण चौकटीच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुकादमाचं म्हणणं मी कुठेच वाचलेलं नाही. माप कमी पडलेल्या बाईची हजेरी लावायची की नाही, हे तुमचे वडील रोज ठरवत असतील. वरून कोणाचा दाब यायचा, पगार वाटपाच्या दिवशी काय व्हायचं, रात्री झोप लागायची का, हे त्यांनाच ठाऊक. ते सांगू शकत असतील तर मी येईन, कुठल्याही गावी, त्यांना सोयीच्या वेळी. ते आता नसतील, तर घरात कुठे त्या वेळची हजेरीची वही, एखादं मस्टर, एखादी चिठ्ठी राहिली आहे का, तेवढं एकदा माळ्यावर बघाल का? पानं फाटलेली असली तरी चालतील.