सीडीची मोटर टाकली म्हणून जुनं इंजिन नवं होत नाही

मॉडेल रेल्वेच्या छंदात एक सल्ला सारखा फिरतोय: ‘लिमा-हॉर्नबीच्या जुन्या डिझेल इंजिनांतली चपटी मोटर भंगार असते. ती फेका आणि सीडी ड्राइव्हमधली कुठलीही मोटर बसवा. इंजिन संथ चालेल, अडखळणार नाही, शिवाय डीसीसीलाही तयार होईल.’ (लिमा, हॉर्नबी या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या; डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत.) या सल्ल्यापायी चांगल्या बोगी, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटी, कापल्या जाताना पाहिल्यात, म्हणून लिहितोय.

आधी ‘भंगार’ हा शब्द. जुन्या चपट्या मोटरीला बहुधा तीनच ध्रुव (फिरत्या भागावरच्या तारेच्या गुंडाळ्या) असतात, त्यामुळे अगदी हळू चालताना ती झटके देते, हे मान्य. पण ‘मेली’ म्हणून बाजूला टाकलेल्या मोटरीत बऱ्याचदा कम्युटेटरच्या (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या तुकड्यांच्या) फटींत कार्बनची काजळी बसलेली असते आणि जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं. फटी टूथपिकने कोरा, तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, झिजलेले कार्बन (कम्युटेटरला टेकणारे ब्रश) बदला. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब बेअरिंगला द्या, कम्युटेटरला नाही. एवढं करूनही चालली नाही, तर मग बदलण्याचा विचार.

‘कुठलीही मोटर’ हे तर साफ चूक. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये तबकडी फिरवणारी मोटर सहसा ब्रशलेस असते, म्हणजे तिला कार्बन नसतात आणि चालवायला वेगळं सर्किट लागतं. रुळांतल्या डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) ती थेट फिरतच नाही. ट्रे बाहेर ढकलणारी छोटी मोटर चालते, पण ती साधारण ६ व्होल्टच्या आसपासची, आणि आपला कंट्रोलर १२ व्होल्ट देतो. मग लोक रेझिस्टर लावतात. रेझिस्टरमध्ये किती व्होल्ट पडणार हे करंटवर ठरतं. इंजिन सुटताना मोटर सर्वांत जास्त करंट मागते, नेमकं तेव्हाच तिला कमी मिळतं. मीही हेच केलं होतं: इंजिन जागचं हलेना, आणि हललं की एकदम पळायचं. त्यापेक्षा डायोडच्या उलट-सुलट जोड्या बऱ्या, कारण करंट कमी-जास्त झाला तरी दर डायोडला साधारण ०.७ व्होल्टच पडतात.

खरी गोम आहे ‘संथ चालेल’ या आश्वासनात. हिशेब मांडून बघा. मॉडेलचं प्रमाण १:७६, चाकाचा व्यास १४ मिमी, म्हणजे परीघ ४४ मिमी. यार्डात (खऱ्या रेल्वेच्या मापाने) ताशी ८ किमीने सरकायचं, तर चाकाने मिनिटाला फक्त ४० फेरे घ्यायला हवेत. गिअरचं गुणोत्तर १२:१ धरलं, तर मोटरचे फेरे होतात ४८०. एवढ्या मंद गतीला लहान मोटर गुळगुळीत फिरणं कठीणच. उलट तीच मोटर मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर गेली, तर गाडी ताशी १६५ किमीच्या पुढे पळेल. दोष मोटरइतकाच गिअरच्या दात्यांचाही आहे, आणि मोटर बदलल्याने गिअर बदलत नाहीत. ३०:१ चा वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) असलेली बोगी बसवली, तर त्याच ताशी ८ किमीला मोटर १२०० फेऱ्यांवर आरामात फिरते. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. (मूळ मोटरच ठेवायची असेल तर जास्त ताकदीचं निओडिमियम चुंबकही उपयोगी पडतं: तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, वेगही उतरतो.)

अडखळण्याचा मोटरशी फारसा संबंध नसतो. या इंजिनांत वीज मोजक्याच चाकांतून येते, आणि ज्या चाकांवर रबर टायर असतं ती यात धरायचीच नाहीत. पॉइंटवरून (रूळ बदलण्याच्या सांध्यावरून) जाताना संपर्क तुटला की कसलीही मोटर थांबणार. उरलेल्या चाकांना फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या लावा.

राहिलं डीसीसी. त्यात इंजिनात डीकोडर, म्हणजे ते संदेश वाचून मोटर चालवणारी चकती, बसवतात, आणि त्यासाठी मोटरची दोन्ही टोकं चासी (धातूचा सांगाडा) आणि चाकांपासून वेगळी लागतात. जुन्या मोटरीचा एक कार्बन बऱ्याचदा थेट चासीला जोडलेला असतो. सीडीच्या मोटरीची दोन्ही टोकं मोकळी असतात, तेव्हा या बाबतीत तो सल्ला अर्धा खरा. पण ती बसवताना एखादं टोक धातूला टेकू शकतं. डीकोडर लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोकं चासीशी आणि चाकांशी तपासा. बीप वाजला तर डीकोडर जोडू नका.