खुलासा : शनिशिंगणापुरात 'आजवर एकही चोरी नाही'?

"शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, बँकेला कुलूप नाही, पोलीस ठाणं नाही, आणि आजवर एकही चोरी झालेली नाही," असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. नेवासा तालुक्यातल्या या गावात जुन्या घरांना नुसत्या चौकटी असतात. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून लोक फळी टेकवून ठेवतात. शनिदेव गावाची राखण करतो ही गावकऱ्यांची श्रद्धा मनापासूनची आहे, तिची टिंगल करण्याचं कारण नाही.

पण 'एकही चोरी नाही' हे खोटं आहे. २०१० साली बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून रोख रक्कम आणि ऐवज मिळून सुमारे ३५ हजारांचा माल गेल्याची तक्रार झाली होती. पोलीस ठाणंही २०१५ पासून आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या यूको बँकेच्या शाखेला लोखंडी कुलूप दिसत नाही, कारण तिथल्या काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप बसवलेलं होतं! आणि २०२५ मध्ये तर देवस्थानाच्याच नावाने बनावट ॲप काढून भक्तांना लुबाडल्याचं प्रकरण थेट विधानसभेत गाजलं, गुन्हा दाखल झाला.

शनीचा धाक गावकऱ्यांना नक्कीच आहे. पण एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या गावात शेजाऱ्यांची नजरही तेवढीच राखण करते. दर्शनाला येणाऱ्या हजारोंच्या गर्दीत कोण कुणाला ओळखणार? तेव्हा मेसेजवर विसंबून गाडीत पर्स, मोबाइल उघड्यावर ठेवू नका. काही गेलंच तर लगेच तिथल्या ठाण्यात तक्रार द्या.