फटक्याला तीनशे पस्तीस

परवा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर, पहिल्या टीवर (म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर), माझा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा दांडा, खांद्याच्या वर गेलेला असताना मागून खणखणीत आवाज आला, "अहो जोशी! मूळचे कुठले?"

गोल्फमध्ये कोणी फटका मारत असेल तर आलेला खोकलासुद्धा गिळायचा असतो. इथे मूळ गाव विचारलं गेलं. दांडा खाली आला, बॉलच्या कोपऱ्याला लागला (बॉलला कोपरा नसतो, ठाऊक आहे, पण लागला) आणि बॉल उजवीकडच्या कठड्याच्या दिशेने साठेक पावलं सरपटत जाऊन थांबला.

इथला पहिला आणि अठरावा होल एकाच फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या एकाच पट्ट्यावर आहेत. मध्ये आडकाठी नाही, रुंदी सव्वाशे यार्डांच्या वर. इथे बॉल चुकवायला अंगात कला लागते. ती इयन बेकर-फिंचकडे होती. १९९१ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकलेल्या या माणसाने १९९५ च्या ओपनमध्ये याच टीवरून बॉल डावीकडे हद्दीबाहेर घालवला. हा दाखला मी तोंडपाठ करून गेलो होतो, पण ऐकवणार कोणाला?

तो आवाज खरं तर मी दहा मिनिटं ऐकत होतो. टीच्या शेजारीच लोक उभे राहून बघतात, त्यात त्या दिवशी एका मराठी टूरचा घोळका होता. त्यात हे काका. जूनमध्ये मफलर, त्यावर टूरवाल्यांची टोपी, हातात शेंगदाण्यांची पुडी. परदेशात आपल्याला काय बोलता येत नाही यापेक्षा आपलं कोणाला कळत नाही, या आनंदात असलेला माणूस.

"हा सावळा कोण गं? तमिळ असेल?" काका.

"पोट बघा. आपल्यातलाच आहे," काकू.

मी पोट आत घेतलं. तेवढ्यात ऑफिसातला मित्र म्हणाला, "जॉशी, तुझी पाळी." काकांना तेवढं पुरलं.

बॉल कठड्याजवळ पडल्यामुळे मला तिकडे जाणं भाग होतं. काका कठड्याच्या पलीकडून समांतर चालत आले.

"आम्ही सोलापूर. तुम्ही?"

"सांगली."

"सांगलीत कुठे?"

"गावभाग."

"शेंगा घ्या. किती वर्षं इकडे?"

"एकोणीस. ग्लासगोला."

"हे कंपनीकडून असेल?"

"नाही. स्वतःचे पैसे."

इथे काका थांबले. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो, असं त्यांनी सांगितलं. सांगायची गरज नव्हती. "किती?"

"साडेतीनशे पौंड धरा."

"पौंड ११५ ने धरू. चाळीस हजार दोनशे पन्नास," ते श्वास न घेता म्हणाले. "एकूण फटके किती मारायचे असतात?"

"नियमाने ७२."

"आणि तुम्ही?"

"जरा जास्त लागतात."

"१२० धरू." साठ पावलांवर पडलेल्या बॉलकडे बघून त्यांनी हा आकडा काढला होता, त्यामुळे वाद घालता येईना. "म्हणजे चांगल्या खेळाडूला फटका ५५९ रुपयांना पडतो, तुम्हाला ३३५ ला. तुमचं फायद्यात आहे की!"

मी म्हटलं, पैसे दिले की खेळता येतं असं नाही. हँडिकॅपचा, म्हणजे खेळ कितपत जमतो याचा, दाखला लागतो (माझा काठावर पास), दोन दिवस आधी सोडतीत नावं घालावी लागतात. आमचा नंबर सहाव्या खेपेला लागला.

"अगं, म्हाडासारखं आहे!" काका मागे वळून ओरडले. मग मला, "पण लागल्यावर मिळतं काय? चालायला?"

"हो."

"बाकीचे लोक फुकट चालतायत ते?"

खरंच चालत होते. ही जमीन सार्वजनिक, फेअरवेच्या मधून चक्क एक रस्ता जातो, लोक बाबागाडी घेऊन तो ओलांडतात आणि आपण दांडा टेकवून थांबायचं. अवसान गाळून मी हेही सांगून टाकलं की रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन हवे तिथे फिरतात.

"मग तुम्ही रविवारी का नाही आलात?"

याला उत्तर नाही. मी दोन रात्री शोधतोय.

काकूंनी मात्र एकच प्रश्न विचारला, तोही हळू. "मिसेसना माहितीये का हो?"

मी माझे दांडे वाहणाऱ्या कॅडीकडे सात नंबरची आयर्न मागितली. कॅडीने विचारलं, ओळखीचे का? मी 'अंकल' म्हटलं. दुसरं काय सांगणार? शेंगदाण्यांची पुडी एव्हाना त्याच्या खिशात गेली होती.

पुढच्या होलांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वारा होता. शेंगदाणे सहाव्यापर्यंत पुरले. पण ३३५ डोक्यातून जाईना. दोन फुटांवरून होलमध्ये ढकलायचा फटका, म्हणजे पट, हुकला, ३३५. झुडपात हवेतच दांडा फिरला, ३३५, मालाची डिलिव्हरी नाही. चौदाव्यावर 'हेल' नावाचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. १९९५ ला जॅक निकलॉससारख्या दिग्गजाला त्यातून निघायला चार फटके लागले होते. मलाही चारच लागले. एरवी ही गोष्ट मी नातवंडांना सांगितली असती. तिथे वाळू झटकत मी मनात मांडलं, तेराशे चाळीस.

राग नक्की कशाचा आला? हिशोब चुकला असता तर बरं वाटलं असतं. सांगलीत क्रिकेट खेळताना माझं मनगट मोडलं तेव्हा कोणी फटक्याचा दर काढला नव्हता. गोल्फ म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं, साहेबी थेर नाही तर टेबलाखालचे व्यवहार. अरे, हा इथला गावातला खेळ आहे! लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच करत बसायचे म्हणून १४५७ साली स्कॉटलंडला बंदी घालावी लागली होती. मी काय चैन करतोय? वर्षभर पहाटे उठून सरावाच्या रेंजवर बॉल मारले, कंबरेचा पट्टा घेतला, आणि आयुष्यातल्या या एका दिवशी एक मराठी माणूस भेटतो, तो विचारतो रविवारी का नाही आलात. शाबास म्हणायला काय जातं? तेही फटका बघण्याआधी म्हणाले असते तर चाललं असतं.

अठराव्यावर स्विल्कन पुलावर सगळे काढतात तसा फोटो काढला. तिसरा फटका 'व्हॅली ऑफ सिन' या ग्रीनपुढच्या (होलभोवतीच्या हिरवळीपुढच्या) खोलगट भागात पडला आणि तिथून मी पट मारला. बॉल चढ चढून वर आला, डावीकडे वळला आणि होलमध्ये पडला. पार. म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण. आयुष्यातला ओल्ड कोर्सवरचा एकमेव पार. कठड्यावर दोघंतिघं टाळ्या वाजवत होते. मी मफलर शोधला. बस गेली होती. नको तेव्हा साठ पावलं सोबत चालणारा माणूस, नेमका आता नाही!

एकूण १३१. म्हणजे फटका ३०७ ला पडला, काकांच्या अंदाजापेक्षाही स्वस्त. कॅडीचे पैसे यात नाहीत. ते मी काकांना सांगितलेच नव्हते.

रात्री घरी पोचलो. बायकोने भाकरी उलटता उलटता विचारलं, "काय रे, किती झाले?"

"१३१."

"बरं पडलं की," ती म्हणाली. "मला वाटलं दोनशे पौंड तरी घेत असतील."

मी हात धुवायला गेलो.