काउंट कासियसचे कूळ : एक खुलासा

'स्पेनमधल्या बनू कासी या मुस्लिम घराण्याचा मूळपुरुष काउंट कासियस हा गॉथ (मुस्लिमांआधी स्पेनवर राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांपैकी) सरदार होता आणि दमास्कसला जाऊन खलिफा अल-वलीदच्या हातून मुसलमान झाला,' असे ठामपणे लिहिले जाते. तेवढा भक्कम पुरावा नाही.

दमास्कसची हकिगत ११व्या शतकातला स्पेनमधला मुस्लिम लेखक इब्न हज्म याची आहे. अल-वलीद ७१५मध्ये वारला, म्हणजे मधे सुमारे तीन शतके गेली! 'गॉथ' हा शब्द ९व्या शतकाअखेरच्या अस्तुरिया या उत्तर स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्याच्या बखरीतला. तोही कासियससाठी नव्हे, तर ८६२मध्ये वारलेल्या त्याच्या वंशज मूसा इब्न मूसासाठी. शिवाय कासियस हे नाव रोमन वळणाचे, म्हणून काहीजण त्याला हिस्पानो-रोमन, म्हणजे स्पेनच्या रोमन वळणाच्या जुन्या रहिवाशांपैकी, मानतात. पण नुसत्या नावावरून कूळ ठरवणेही तितकेच कच्चे. कासियस हा घराण्याच्या नावावरून नंतर रचलेला पूर्वज असावा, असेही काही अभ्यासक म्हणतात. ईशान्य स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातली घराण्याची सत्ता मात्र निर्विवाद आहे.