हेडसेटला टिकली

स्वतंत्र चालणाऱ्या व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या, हेडसेटला कॉम्प्युटर लागत नाही, असं सांगतात. खरंच लागत नाही, खेळणाऱ्याला. त्यासाठी काही बनवायचं म्हटलं की कॉम्प्युटर, फोन, डेव्हलपर खातं, केबल आणि घरच्यांची सहनशक्ती, सगळं लागतं.

कारण हेडसेट आतून अँड्रॉइडच. त्यामुळे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे गेम इंजिन, उतरवलं की मागोमाग एसडीके, एनडीके, जेडीके, ग्रेडल असं अँड्रॉइड अ‍ॅप बांधायच्या साधनांचं अख्खं वऱ्हाड उतरतं. प्रत्येकाचं व्हर्जन इंजिन म्हणेल तेच हवं. जुनं चालत नाही, आणि नव्याचा तर त्याला जास्तच राग. प्रोजेक्टच्या फोल्डरला हौसेने देवनागरीत ‘पहिलाप्रयोग’ नाव दिलं, तर पत्त्यात परकी अक्षरं आहेत म्हणून बिल्ड, म्हणजे कोडचं अ‍ॅप होणं, अडला. सदाशिव पेठेत बसून मराठी परकी!

मग केबल. घरात टाइप-सी केबली ढीगभर, पण हाताला येईल ती नुसती चार्जिंगची. डेटा जाणारी आणायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली.

“डेटा जाईल ना?”

“केबल आहे, जाईल.”

“आणि नाही गेला तर?”

“तर कॉम्प्युटर बदला.” एवढं बोलून काका पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

डेटा गेला. कॉम्प्युटरला अँड्रॉइडशी जोडणाऱ्या एडीबीने हेडसेट ओळखला, पण नावापुढे ‘अनऑथराइज्ड’, म्हणजे परवानगी नाही. परवानगीची चौकट कॉम्प्युटरवर येत नाही, ती हेडसेटच्या आत तरंगत असते. म्हणजे तो डोक्यावर चढवायचा, भिंतीकडे तोंड करून हवेत ‘हो’ म्हणून बोट टोचायचं, उतरवून कॉम्प्युटर बघायचा. उतरवला की भिंगांमधल्या सेन्सरला कळतं, चेहरा गेला. हेडसेट झोपतो. पुन्हा चढवा. यावर डेव्हलपर मंडळी त्या सेन्सरवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे त्याला वाटतं चेहरा आहेच. आमच्याकडे ऐनवेळी पट्टी कशी सापडेल? आईच्या पाकिटातली मोठी टिकली काढली.

“मधोमध लाव,” आईने बजावलं.

पहिला बिल्ड माझ्या चार ओळींच्या सी शार्प कोडचं सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत भाषांतर करत बसला. गुरुवार, म्हणजे वीजदुरुस्तीचा दिवस असल्याने मध्येच वीज गेली, ते सोडून देऊ. हेडसेटमध्ये सेकंदाला निदान ७२ चित्रं हवीत, नाहीतर घेरी येते. म्हणजे एका चित्राला जेमतेम १४ मिलिसेकंद, त्यातही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं. मला फक्त एक निळा ठोकळा दाखवायचा होता, पण नियम ते नियम.

ठोकळा दिसला! पहिला मान आईचा. ती उभी होती, पण इंजिनात उंची जमिनीपासून मोजण्याची सेटिंग लावायचीच राहिली होती, त्यामुळे आभासी जगात तिचे डोळे थेट फरशीलगत. बराच वेळ मान वर करून ठोकळा बघत राहिली.

“पाटावर बसल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली. “वाढतोयस ना?”