‘लालपरी नुसती उभी असते’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. आमच्या ‘लालपरी’ बसवरच्या पोस्टखाली तुम्ही नाव टाकलं नाहीत, नुसतं ‘दापोडी वर्कशॉप, रिटायर्ड’ (म्हणजे एसटीचं वर्कशॉप) एवढंच लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. बाकीच्यांसाठी तुमची कमेंट थोडक्यात सांगतो: चांगली चालती स्कूल बस आम्ही चौघांनी वर्षातल्या आठ-नऊ मॅचच्या टेलगेटिंगसाठी (मॅचआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडीपाशी जमून खाणं-पिणं) वाया घालवली, त्यापेक्षा गावाकडच्या एखाद्या शाळेला पाठवायची, टपावर माणसं चढवणं हा मूर्खपणा आहे, फोटोत जनरेटर मागच्या दाराला चिकटलेला दिसतोय, आणि शेवटचं वाक्य, जे माझ्या बायकोने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, ‘लालपरी माणसांना पोचवते, तुमची नुसती पार्किंगमध्ये उभी असते.’

आधी ‘चांगली चालती’ बघू. इंजिन चांगलं होतं, मान्य, १९९९ची इंटरनॅशनल ३८००, डीटी ४६६ई, सहा सिलिंडर, वेट लायनरवालं, म्हणजे इंजिन चेसिसवरून न उतरवता लायनर-पिस्टन बदलता येतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण बॉडी? इथे मिझुरीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात आणि ते मीठ खालून सगळं खात बसतं. सीट काढायला गेलो तर एकही नट पान्याने फिरला नाही, बाहत्तर पोरांची गाडी म्हणजे चोवीस सीटा, प्रत्येकीला खाली चार-चार बोल्ट, सगळे ग्राइंडरने कापले. मग रबराची मॅट उचलली, त्याखालचं प्लायवूड बिस्किटासारखं हातात आलं आणि त्याच्या खालच्या पत्र्याला दोन ठिकाणी माझा हात जाईल एवढी भोकं. बोल्टची जी बारकी भोकं उरली ती आम्ही एक-एक सेंटची नाणी सीलंट लावून बसवून बुजवली, इथे बस कन्व्हर्ट करणारे सगळे हेच करतात, मस्त बसतात. अशा पत्र्यावर पोरांना बसवून कुठली शाळा गाडी चालवणार होती? इथल्या शाळांच्या डिस्ट्रिक्टने वीस वर्षं वापरून लिलावात काढली ती उगाच नाही. वर तिथून पुढे या गाड्या भंगारात जातात, नाहीतर ग्वाटेमालाला, तिकडे त्यांना रंगीबेरंगी रंगवून अजून बरीच वर्षं प्रवासी वाहतूक करतात. आमच्या हातात पडली नसती तर ती तिकडे गेली असती का, गेली असती कदाचित, तेवढा मुद्दा तुमचा.

गावाकडच्या शाळेचं मात्र राहू द्या काका. स्टीअरिंग डावीकडे, दार उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे पोरं उतरणार भर रस्त्यात. आणि भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टीअरिंगचीच लागते. बंदरातूनच परत आली असती.

रंगाचं एकाने विचारलं होतं तेही इथेच सांगून टाकतो. हा पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत बैठक घेऊन ठरवलेला आहे, पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात म्हणून. आणि स्कूल बसचे लाल दिवे लागले की दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, त्यामुळे खासगी माणसाकडे ते दिवे, तो बाजूने बाहेर येणारा स्टॉपचा बोर्ड आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरं ठेवायची नसतात. ते सगळं उतरवलं. लाल रंग चीफ्सचा, म्हणजे आमच्या कॅन्सस सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा म्हणून दिला, लालपरी हे नाव आमच्यातल्या सोलापूरच्या मित्राने दिलं, आता इथले गोरे शेजारीपण ‘लाल पॅरी’ म्हणतात.

आता ‘उभी असते’. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की सकाळपासून पेठेत काय वातावरण असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, मॅच नव्वद मिनिटांची पण दिवस अख्खा तिचाच. इथे पेठ नाही. सबर्बमध्ये शेजारी म्हणजे गॅरेजचं दार वर जाताना दिसणारा माणूस. चीफ्सचं ॲरोहेड स्टेडियम १९७२ सालचं, भोवती मैलभर नुसतं पार्किंग, तिथे मॅचच्या काही तास आधी गेट उघडतं आणि मग धूरच धूर, ब्रिस्केट, बर्न्ट एंड्स असं धुरावर शिजवलेलं बीफ, आणि आमच्या मागच्या इमर्जन्सी दारातून वडे. आमच्यासारख्या लाल केलेल्या कितीतरी स्कूल बसेस तिथे येतात. मी इथे पंधरा वर्षं आहे, माझ्या ओळखीतले निम्मे अमेरिकन मला त्या डांबरावर भेटलेत, ऑफिसात नाही.

आणि एक दिवस तर ती उभी होती म्हणूनच बरं झालं असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. १३ जानेवारी २०२४, मायामी डॉल्फिन्सविरुद्धची प्लेऑफ मॅच, सुरू झाली तेव्हा उणे २० सेल्सिअस, आणि वाऱ्यामुळे अंगाला उणे ३३ लागत होतं. त्या मॅचनंतर काही लोकांची हिमदंशाने बोटं कापावी लागली, बातम्या आल्या होत्या. आम्ही डिझेल गोठू नये म्हणून आदल्या दिवशीच ॲडिटिव्ह टाकलेलं, इंजिन चालू ठेवलेलं, आत तांबड्या रश्शाचं पातेलं, आणि आजूबाजूचे ओळख ना पाळख असे लोक ऊब घ्यायला आत येत होते, एका वेळी पंधरा-सोळा तरी असतील, त्यात दोन लहान पोरं.

पोस्टमध्ये मी इथपर्यंतच लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नव्हतं. जनरेटर मागच्या दाराशी होता, तुम्ही फोटोत बघितलात तिथेच. हीटर आणि टीव्हीची केबल त्या दारातून आत घेतलेली, त्यामुळे दार चार बोटं उघडं, वारा बरोबर मागून, खिडक्या सगळ्या बंद. कार्बन मोनॉक्साइडचा (जनरेटरच्या धुरातला, वास न येणारा विषारी वायू) अलार्म वाजला तेव्हा पहिल्यांदा आम्हाला वाटलं स्वयंपाकाचा धूर असेल, एकाने तो बंद करायला हातपण वर केला. परत वाजला. मग सगळ्यांना बाहेर काढलं, त्या थंडीत, पोरांसकट. कोणाला काही झालं नाही, एकाचं डोकं दुखत होतं आणि ते बिअरमुळे की कशामुळे हे आम्ही तेव्हा हसून सोडून दिलं. मी ते लिहिलं नाही कारण लाज वाटली. तुम्ही आठ हजार मैलांवरून, दिवाणावर बसून एका फोटोत जे पकडलंत ते आम्हा चार इंजिनिअरना शेजारी उभं राहून दिसलं नाही.

आता जनरेटर बसपासून वीस-पंचवीस फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक्झॉस्टचं तोंड पलीकडे. टीव्ही लिथियम बॅटरीवर. अलार्म दोन, एक पुढे एक मागे. केबलसाठी खालच्या पत्र्यातून ग्लँड लावून वेगळी वाट केलीय, दार घट्ट बंद होतं.

टपाबद्दल पहिल्यांदा तुमच्याशी भांडणार होतो. इथल्या स्कूल बसच्या टपाला सरकारी टेस्ट आहे, रिकाम्या गाडीच्या वजनाच्या दीडपट दाब वरून दिला तरी टप ५ १/८ इंचाच्या आतच दबला पाहिजे. आणि आम्ही लाकडी डेक पत्र्यावर नाही, आतल्या रिब्जवर बसवला होता. मग बारा माणसांनी काय होतंय, असं माझं उत्तर तयार होतं. पण तो दाब हळूहळू आणि सगळीकडे सारखा दिलेला असतो, आणि आमचे बारा जण गाणं लागलं की एकाच बाजूला येऊन उड्या मारतात. तुमची कमेंट वाचून शनिवारी वर चढून नीट बघितलं, तर तिसऱ्या खिडकीच्या वरच्या रिबचे दोन रिव्हेट सैल झालेले, सीलंट फाटलेलं, आत इन्सुलेशन ओलं. रविवारी डेक उतरवला. फळ्या गॅरेजमध्ये पडल्यात, मित्र चिडलेत, एकजण अजून बोलत नाहीये.

दारूचं: त्या दिवशीचा ड्रायव्हर पीत नाही, आळीपाळीने ठरतं, यावर जास्त बोलत नाही.

आता तुम्ही आहातच तर एक विचारतो. चोवीसपैकी वीस सीटा आणि आता डेकपण गेला, त्यामुळे मागून गाडी फार हलकी झालीय, साध्या स्पीडब्रेकरवरसुद्धा मागचे लोक उडतात, फोडणीचं तेल सांडलंय दोनदा. मागच्या कमान पाट्यातलं (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधलं) एक पान काढू का? काढायचं तर कितवं, आणि दोन्ही बाजूंना सेंटर बोल्ट आखूड लावावा लागेल ना? इथल्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तो एअर सस्पेन्शनच विकायला बसलाय.